ताडीची हंडी आणि कंबोडियाचा पाहुणा

नातजावई कंबोडियाला फिरायला निघाला होता. जायच्या आधी इथे आला आणि मोबाईलवर यादी वाचत बसला. तिथं गेल्यावर काय काय खायचं, त्याची यादी. पहिलंच नाव वाचलं, आमोक. नारळाच्या दुधातली मासळी, केळीच्या पानात वाफवलेली.

मी म्हटलं, "हे मी खाल्लंय."

तो हसला. "आजोबा, तुम्ही मुंबईच्या पुढे कधी गेलात?"

"नाही गेलो. ते इथं आलं होतं. आपल्या मागल्या अंगणात. तुझ्या आजेसासूने केलं होतं."

सगळे हसले. म्हातारा बरळतो असं वाटलं असेल. माझ्या बाजूने बोलणारी एकच होती, ती गेल्या दिवाळीच्या आधी गेली. ती असती तर म्हणाली असती, "हसताय काय? यांनी त्या दिवशी काय करून ठेवलं होतं ते तरी विचारा." आता विचारणारं कोणी नाही, म्हणून मीच लिहितो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी. ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका.

आमचं घर डहाणूजवळच्या नरपडचं. चिकूची वाडी, थोडं भात, थोडा भाजीपाला. बायको तलासरीकडची, डोंगराच्या अंगाची. आमच्याच लोकांची चार घरं तिकडे पूर्वीपासून भात-नागली करून राहतात, त्यातल्या एका घरातली. लग्न पंचावन्न सालचं. ती आली त्या दिवसापासून आईने तिला एकच नाव ठेवलं, डोंगरातली. "डोंगरातली, पाणी काढ." "डोंगरातली, खोबरं वाट." कामाला वाघ होती. पण आमच्या घरात एक रीत होती. पाहुण्यांसाठी हंडी लावायची ती घरच्या मोठ्या बाईने. सुनेने चिरायचं, वाटायचं, सोलायचं, पण हंडी भरायची आणि चुलीवर ठेवायची सासूने. सासू एक दिवस आपणहून म्हणते, आजपासून तू लाव. त्या दिवसापासून घर सुनेचं. माझ्या दोन भावजयांना आईने हे तीन-तीन वर्षांत सांगितलं, त्या आपापल्या चुली मांडून वेगळ्या झाल्या. हिला आठ वर्षं झाली तरी आई गप्प.

मी आईला एकदा विचारलं. आई म्हणाली, "बांबूच्या नळीत भात शिजवणाऱ्यांच्यातली ती. पाहुण्यांना काय नळी वाढू?"

हे खरं होतं. बायकोच्या माहेरी जंगलात कामाला गेले की भांडं नेत नसत. हिरवा बांबू तोडायचा, त्यात तांदूळ आणि पाणी घालायचं, पानाचा बोळा लावून विस्तवात ठेवायचा. मी सासुरवाडीला खाल्ला होता. चांगला लागतो. पण हे मी आईला सांगितलं नाही. तेव्हा मी भित्रा होतो, उगाच कशाला लपवू.

त्रेसष्ट की चौसष्ट सालची थंडी. कोसबाडच्या टेकडीवर शेतीच्या प्रयोगांचं काम चालायचं, ते बघायला लांबलांबची माणसं यायची. एक दिवस तिथले एक सरकारी शेतीखात्याचे साहेब सायकलवरून आमच्याकडे आले. म्हणाले, "कंबोडियाचा एक माणूस आलाय. भाताचा जाणकार आहे. तुमची वाडी बघायची म्हणतो. आणि दुपारी जेवेलही. पण साहेबी जेवण नको, तुमच्या घरी जे होतं ते."

आई म्हणाली, "डहाणूहून महाराज बोलवू. पुरी-श्रीखंड करील."

तेवढ्यात दारामागून हिचा आवाज आला. "ते म्हणताहेत घरचं पाहिजे. थंडी आहे, कंद निघालेत. उकडहंडी लावू. मी लावते."

आठ वर्षांत सासूपुढे एवढं पहिल्यांदा बोलली. साहेब खाली बघायला लागले. आईने दाराकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "लाव. पण बिघडली तर पुन्हा माझ्या चुलीकडे बघायचं नाही."

म्हणजे एकच संधी. साधली तर घर तिचं, चुकली तर जन्मभर खोबरं वाटायचं.

उकडहंडी इकडे थंडीत होते. कोनफळ, रताळी, छोटी वांगी, वालपापडी, कच्ची केळी, सगळं ओल्या खोबऱ्याच्या हिरव्या मसाल्यात घोळायचं. पातीचा लसूण, मिरची, कोथिंबीर, भरपूर ओवा. मडक्यात थर लावायचे. आणि पाणी घालायचं नाही. पाण्याच्या जागी तांब्याभर ताजी ताडी. मग केळीचं पान, झाकण, कणकेने तोंड लिंपायचं. ताडीच्या वाफेवर कंद शिजतो पण मोडत नाही, आणि जिभेला जराशी आंबूस चव राहते. तीच तर हंडी.

पण तेव्हा दारूबंदी. ताडी बाळगली तरी गुन्हा. घरोघरी हंडीपुरती यायचीच, कोणी बोलत नसे. त्या दिवशी मात्र सरकारी साहेब आमच्या पंगतीला बसणार होते. ओळखीच्या माणसाने सकाळी ताडी आणून दिली, ती मी गवतात लपवली. तेव्हापासून तीनदा जाऊन मी ते गवत सारखं केलं.

बायकोने थर लावले. अंघोळीला जाता जाता म्हणाली, "अहो, तेवढी ताडी ओता आणि तोंड लिंपा. तांब्याच्या वर नको."

"बरं," मी म्हटलं.

ती गेली. मी तांब्या उचलला, वास घेतला. वाटलं, झाकण उघडलं की हा वास साहेबांच्या नाकात. हातकड्या पडल्या तर? मी ताडी केळीच्या बुंध्याशी ओतली आणि मडक्यात विहिरीचं पाणी घातलं. करपू नये म्हणून एकाच्या जागी दोन तांबे. लिंपून टाकलं आणि मिशीवरून हात फिरवला. मोठा शहाणा.

साहेब पाहुण्याला घेऊन आले. चाळिशीचा असेल, बुटका, सावळा, पायात चपला, डोक्याला रुमाल. आमच्यातलाच वाटावा. वाडी बघितली, विहीर बघितली, आणि फिरत फिरत मागल्या अंगणात आला. तिथे बायको घोळ माशाचे तुकडे केळीच्या पानात गुंडाळत होती, निखाऱ्यावर भाजायला. तो उभाच राहिला. मग साहेबांशी भराभर इंग्रजीत बोलला.

साहेब म्हणाले, "वहिनी, ते म्हणताहेत हे त्यांचंच आहे. त्यांच्या लोकांना ख्मेर म्हणतात. ख्मेर घरात मासळी अशीच पानात करतात, आमोक म्हणतात त्याला. करून दाखवू का, विचारताहेत."

आई पुटपुटली, "पाहुणा चुलीशी? काय दिवस आले."

बायकोने पाट सरकवला. "बसू दे की. हात धुवा म्हणावं."

त्याने दोन्ही हात पुढे केले, तिने पाणी घातलं. मग बघण्यासारखं झालं. ह्याला तिची भाषा येत नाही, तिला त्याची नाही. त्याने नारळाकडे बोट दाखवलं, तिने दूध काढून दिलं. हळद मागितली, ओली हळद दिली. मग नाकाशी बोटं नेऊन हुंगून दाखवायला लागला. आम्हाला काही कळेना. ती उठली आणि मोरीजवळची गवती चहाची पात उपटून आणली. त्याने पाती दिसताच टाळीच वाजवली. खालचा पांढरा भाग बारीक चिरून वाटायला सांगितला. आम्ही ती पात चहाखेरीज कशात घातली नव्हती.

"चहा घालतोय माशात," आई म्हणाली. "बघू आता."

"सासूबाई, खोबरं जरा इकडे द्या," बायको म्हणाली. आणि आईने दिलं. दिल्यावर तिच्या लक्षात आलं असावं, कारण तोंड फिरवून बसली.

पानाचं तर विशेषच. आम्ही पान सपाट गुंडाळतो. त्याने विस्तवावर शेकून मऊ केलं, चारी कोपरे दुमडले आणि माडाच्या हिराचे, म्हणजे खराट्याच्या काडीचे, तुकडे खोचून वाटी केली. उभी राहणारी वाटी. तिने एकदा बघितलं, दुसरी वाटी स्वतः केली. तिसरी तिची त्याच्यापेक्षा सरळ झाली. तो हसून काही बोलला. साहेब म्हणाले, "म्हणतात, माझी बायको बघेल तर मला घरात घेणार नाही." अंडं फोडून घातलेला तो पिवळा रस आणि मासा वाट्यांत भरला आणि चाळणीत वाफेला ठेवला.

बसल्या बसल्या तो आपल्याकडचं सांगत राहिला. मीठ लावून कुटलेली मासळी ते मडक्यात महिनोन् महिने मुरवतात, प्राहोक. परदेशी माणूस त्याच्या वासाने पळतो. जो थांबतो तो पुन्हा मागतो. मग म्हणाला, आणि वाटसरूंसाठी रस्त्याकडेला बांबूत भात शिजवून विकतात. चिकट तांदूळ, नारळाचं दूध, कडधान्य. लांबून आलेल्या माणसाने तो खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये म्हणतात.

साहेबांनी मराठीत सांगितलं तेव्हा बायकोचा हात थांबला. "बांबूत?" तिने विचारलं.

"बांबूत."

तिने आईकडे बघितलंच नाही. तिने चुलीत नुसतं लाकूड सारलं. पण तिची मान त्या दिवशी जशी उभी होती तशी मी आधी पाहिली नव्हती.

पानं मांडली. हंडी मधोमध आणली. बायकोने कणीक फोडली, झाकण काढलं, पळी घातली. पळीत लगदा आला. रताळी फुटलेली, वांगी सालीसकट विरघळलेली, खाली पाणी. तिने वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. तांब्या कुठे रिकामा झाला तेसुद्धा कळलं असेल.

"झालं?" आई म्हणाली. "म्हटलं होतं ना."

बायको म्हणाली, "चुकलं माझं."

हे मात्र मला सोसलं नाही. साहेब समोर, पाहुणा समोर. मी उभा राहिलो. "तिचं नाही चुकलं. ताडी मी फेकली. साहेब येणार म्हणून घाबरलो आणि पाणी घातलं. दोन तांबे."

ताडी हा शब्द मी सरकारी माणसापुढे मोठ्याने बोललो होतो.

साहेबांनी चष्मा पुसला. "मला आज कानाला जरा कमी ऐकू येतंय," ते म्हणाले. "पण पाणी घातलेली हंडी मी जन्मात पहिल्यांदा बघतोय. हा खरा गुन्हा."

पाहुण्याला काही कळलं नव्हतं, तरी तोच सगळ्यात मोठ्याने हसला. बायको उठली, चाळणी उतरवली, पानाच्या वाट्या एकेक मांडत गेली. पहिली आईपुढे. आईने भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला. आम्ही सगळे तिच्या जबड्याकडे बघत होतो. तिने वाटी पुसून खाल्ली. मग हिराचा तुकडा काढून उजेडात धरला, बघितला.

"हे खोचलं कोणी?"

"मी," बायको म्हणाली.

आईने तो तुकडा पानाशेजारी ठेवला. पाहुणे गेले. उष्टी काढताना, माझ्याकडे न बघता, हिच्याकडेही न बघता म्हणाली, "परवा माझ्या माहेरची माणसं येताहेत. हंडी तू लाव. आणि ताडीसुद्धा तूच ओत. याच्या हातात देऊ नको."

डोंगरातली हे नाव त्या दिवसापासून घरात ऐकू आलं नाही. पुढे पन्नासच्या वर वर्षं तिने त्या घरात हंडी लावली. डहाणूहून, घोलवडहून, पार वलसाडहून लोक मुद्दाम जेवायला यायचे. पानाची वाटी आणि गवती चहातला मासा तर आमच्याखेरीज कोणाच्या घरात नव्हता. तिच्या माहेरचा बांबूतला भातही आई असतानाच एकदा पंगतीला आला, आणि आईने दोनदा घेतला. कंबोडियाचं जेवण कंबोडियाला जाऊन खाणारे पुष्कळ असतील. नरपडला बसून कंबोडियाच्या माणसाबरोबर ते रांधणारी बाई एकच, आणि ती माझी बायको. यात कोणाला बढाई वाटली तर वाटू दे.

ताडी ओतायचं काम तिने मला कधीच दिलं नाही. लिंपायला द्यायची, ओतायला नाही. शेवटच्या थंडीत तिचे हात कापायला लागले होते, तरी तांब्या स्वतः धरायची.

या वर्षी थंडीत सून म्हणाली, "बाबा, हंडी लावायची का?" मी म्हटलं, लाव. तिने थर लावले. तांब्या मी तिच्याच हातात दिला.