तिन्हीकडं उघडल्याशिवाय

लातूरला क्लासेसच्या गल्लीत एकाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आजूबाजूला मजल्यावर मजले चढले, याचं छत मात्र पत्र्याचंच राहिलं. भूकंपात गावाकडचं घर गेल्यापासून त्याला स्लॅबखाली बसवत नसे. बोलता बोलता त्याची मान मधेच वर, छताकडं जायची.

माझे वडील, अण्णा, क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. तासांच्या व्हिडिओंचा बॅकअप ठेवायला ते त्याच्याकडून जुन्या हार्ड डिस्कला बाहेरून जोडायची केस, म्हणजे डबी, बसवून घेत. तो ती डिस्क जुन्या विंडोजवर, नव्या विंडोजवर आणि मॅकवर उघडून बघायचा. तिन्हीकडं चालल्याशिवाय हातात द्यायचा नाही.

"अरे, माझ्याकडं एकच विंडोज आहे. तेवढ्यावर चाललं की झालं," अण्णा एकदा वैतागले.

"तुम्हाला तर चालंलच की, सर," तो केसचा स्क्रू आवळत म्हणाला. "मागं राहील त्याच्याकडं कोणतं मशीन असंल, काय ठाव?"

आता त्या दुकानाच्या जागी मुलींचं हॉस्टेल आहे. अण्णांना जाऊनही वर्ष झालं. परवा त्यातली एक डिस्क मी माझ्या मॅकला लावली, आणि अण्णा फळ्यापाशी उभे राहून शिकवू लागले. ऐकता ऐकता माझी मान त्या दुकानदारासारखीच वर गेली. माझ्या डोक्यावर स्लॅब होता.