राखीव उजवा कान

आमच्या शेजाऱ्याइतका एकनिष्ठ माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये सापडणार नाही. दुःख एवढंच, की ही निष्ठा देवावर, देशावर किंवा निदान एखाद्या बाईवर खर्च करायची सोडून त्याने ती दक्षिण अमेरिकेतल्या पाच दाढीवाल्यांवर उधळली. हे पाचजण मेटल वाजवतात. ज्यांनी मेटल ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: खडीचा ट्रक रिकामा होत असताना ड्रायव्हरने स्पॅनिशमध्ये भांडण काढलं तर जे ऐकू येईल, ते मेटल. नास गावात त्याचं आणि आमचं घर खांद्याला खांदा लावून उभं होतं, मधली भिंत एकच. त्यामुळे त्या दाढीवाल्यांना मी आमच्या काही नातेवाइकांपेक्षा जवळून ओळखते.

मला याद्या ठेवायची सवय आहे. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक प्रेसच्या दारावर (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) आत काय आहे याची यादी चिकटवलेली असते. तशी शेजाऱ्यासाठीही एक वही होती. नाव ‘भिंत’. रकाने चार: तारीख, वेळ, आवाज, शेरा. घरमालकाला दाखवायची म्हणून सुरू केली, पण ती नेण्याचा दिवस ठरला की नेमका हा नागपूरहून आलेली सांभारवडी घेऊन दारात उभा. मग वही पुन्हा ड्रॉवरमध्ये.

पंचेचाळिशीचा, एकटा. औषधांच्या कारखान्यात यंत्रं तपासून पास-नापास करणारा इंजिनिअर. तपासायची सवय इतकी, की माझ्याकडचा चहासुद्धा प्यायच्या आधी वास घेऊन, मान डोलावून मंजूर करायचा. पुढे ती मानच दुखायला लागली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि डोकं हलवायला सक्त मनाई केली. मेटल ऐकताना डोकं न हलवणं म्हणजे आरतीला टाळ्या न वाजवणं. यावर त्याने मार्ग काढला. “वहिनी, डॉक्टर मानेबद्दल बोलले. कमरेचं काही म्हणाले नाहीत.” तेव्हापासून तो पट्टा बांधून स्पीकरसमोर उभा राहायचा आणि कमरेतून लवायचा. मागच्या घरातल्या आयरिश आजींना ते खिडकीतून दिसे. एकदा मला विचारलं, “तो युअर मॅन, तुझा शेजारी, फार धार्मिक आहे का गं? रोज वाकून नमस्कार करतो.” मी म्हटलं, फारच.

स्पॅनिश त्याला ओ की ठो कळत नसे. एका गाण्याला त्याचे डोळे भरून यायचे. ते क्रांतीचं गाणं आहे असा त्याचा समज होता. कारखान्यातल्या एका मेक्सिकन बाईंनी सांगितलं, हे तर बस वेळेवर न येण्याबद्दल आहे. याने आधी डोळे पुसले. मग म्हणाला, “क्रांती तरी आणखी कशातून होते?”

पण सगळ्यात विचित्र सवय कानाची. रस्त्याने जाताना फक्त डाव्या कानात इअरफोन. उजवा तसाच डबीत. मी एकदा विचारलं, उजवा कान बिघडलाय का? “नाही वहिनी. तो राखीव आहे.” मी वहीत नोंद केली आणि पुढे काही विचारलं नाही.

दोन हजार वीसच्या सुरुवातीला त्याची आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली आणि विमानंच बंद झाल्यामुळे वर्ष उलटलं तरी इथेच होती. एकवीसच्या हिवाळ्यात, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी असताना, एका सकाळी हा कुंपणापाशी आला. चेहरा उजळलेला. सहा-सात वर्षांपूर्वी त्याचा बँड मवाळ झाला होता. ड्रम कमी, बासरी जास्त, समुद्र, चांदणं वगैरे. त्या अल्बमचं नाव याच्यासमोर काढायचं नाही असा दंडक होता. आता बातमी आली होती. “वहिनी, परत आले ते. नवा अल्बम निघाला. ड्रमवाला पुन्हा रागावलाय म्हणतात.”

मी तयारीला लागले. भिंतीवरच्या फळीवरचे काचेचे ग्लास उतरवले, घड्याळ उतरवलं, नवऱ्याच्या ऑफिसच्या मीटिंगा मागच्या खोलीत हलवल्या. आणि काहीच झालं नाही. एक दिवस, चार दिवस, दोन आठवडे. भिंत मुकी. आठ वर्षं ज्या आवाजाविरुद्ध मी पुरावा गोळा केला, तो येईना म्हणून माझा जीव कासावीस झाला. शेवटी थालीपिठं केली, वही पिशवीत टाकली आणि त्याच्या मागच्या अंगणात दोन मीटर अंतर राखून उभी राहिले.

आईनेच सांगितलं. “तो ऐकूनच नाही राहिला ना बाई. कॉलेजात याचा एक दोस्त होता. दोघांत एकच वॉकमन. डावा कान याचा, उजवा त्याचा. नवीन गानं पयल्यांदा ऐकाचं तं दोघांनं मिळून, अशी शपथ हाये यायची. तो दोस्त बी इथंच हाये, डंडॉक गावाले. पन सहा वर्षं झाली, बोलत नाहीत.”

“कशावरून?”

“बासरीवरून,” आई म्हणाली.

आमचा शेजारी बाकावर बसून कुंपणाकडे बघत होता. मग बोलला. बासरीवाला अल्बम मित्राने गाडीत एकट्याने ऐकला होता. वर निरोप पाठवला, छान आहे, बायकोलाही आवडला. “शपथ त्यानं मोडली वहिनी. मी नाही. फोन त्यानं करायचा.”

“आणि तुम्ही तो अल्बम ऐकलाच नाहीत?”

“एक गाणंही नाही.”

मी पिशवीतून वही काढली. पानं उलटायला वेळ लागला नाही, खुणा घातलेल्या होत्या. वाचून दाखवलं: “संध्याकाळी सात. बासरी, हळू आवाजात. शेरा: भांडी घासताना बरं वाटतं.” पुढच्या ओळीत तेच. सलग दोन महिने, रविवारीसुद्धा. “मित्राचा निरोप तुम्हाला कधी आला?”

त्याने फोन उघडला, खाली खाली बोट सरकवत राहिला. सहा वर्षांपूर्वीचा निरोप अजून तिथेच होता. त्याने तारीख बघितली, मग माझी वही बघितली. माझी पहिली बासरी मित्राच्या निरोपाच्या पाच दिवस आधीची होती.

“तुम्ही हे लिहून ठेवलंत?”

“मी सगळंच लिहून ठेवते.”

पट्ट्यामुळे त्याला मान खाली घालता येईना, म्हणून डोळे तेवढे मिटले. “चांगला होता हो तो अल्बम,” तो म्हणाला. “पण तसं त्यानं आधी म्हटलं.”

आई कपाळावर हात मारून थालीपिठं घेऊन आत गेली. मीही निघाले. पुढचं काम यादीत नव्हतं, ते त्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंत मुकीच होती. मी स्वयंपाकघराची खिडकी किलकिली करून पाहिलं. तो थंडीत मागच्या अंगणात बाकावर बसला होता, मानेला पट्टा, डाव्या कानात इअरफोन, हातात फोन. “तुझा उजवा आहे ना? बघ हं. तीन म्हटल्यावर. एक, दोन…” पलीकडे कुणीतरी आधीच सुरू केलं असावं, कारण हा म्हणाला, “थांब रे साल्या, सुधारला नाहीस तू.” तीनदा सुरू करून तीनदा थांबले. चौथ्यांदा जमलं. गाणं मला काहीच ऐकू येत नव्हतं. तो कमरेतून लवायला लागला, सावकाश, मग जोरात. मागच्या आजींच्या खिडकीचा पडदा हलला. बाक तिघांना पुरेल एवढा मोठा, पण हा अगदी डाव्या टोकाला चिकटून बसला होता. उजवीकडची जागा पूर्ण मोकळी.

त्यानंतर आठवडाभर खडीचे ट्रक रिकामे होत राहिले. ग्लास मी वर ठेवले नाहीत.

उन्हाळ्यात प्रवास खुला झाला. आई नागपूरला परतली. तो वर्ष संपायच्या आत डंडॉकला नोकरी बदलून गेला, मित्राच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जाताना माझी वही मागून घेऊन गेला. मित्राला दाखवायची म्हणाला.

आता भिंतीपलीकडे एक शांत जोडपं राहतं. तक्रारीला जागा नाही, म्हणून नवी वही केली नाही. ग्लास फळीवर परत गेले आहेत. संध्याकाळी सातला भांडी घासताना मात्र मी मध्येच नळ बंद करते, आणि थोडा वेळ तशीच उभी राहते.