निपाणीचा मुक्काम

मॅट्रिकचा शेवटचा पेपर देऊन आम्ही चौघे बेळगावच्या शाळेच्या फाटकाशी उभे होतो, तेव्हा ठरलं की दर वर्षी मे महिन्यात दोन दिवस एकत्र काढायचे. प्रत्येकाच्या घरी आळीपाळीनं. मोडायचं नाही.

चौघांपैकी एक येळ्ळूरचा, शेतकऱ्याचा पोरगा, आमच्यात सगळ्यात हुशार. दुसरा नंदगडचा. तिसरा खुद्द बेळगावातला, वकिली घरातला. तो पुढं स्वतःही वकील झाला, म्हणून त्याला मी वकीलच म्हणतो. चौथा मी. येळ्ळूरचा आणि वकील पुण्याला कॉलेजात गेले, नंदगडचा कोल्हापूरला. मला कॉलेजची ऐपत नव्हती. मी निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत काट्यावर उभा राहिलो. काट्यावरून दलालीत आणि दलालीतून स्वतःच्या वखारीत, हे सगळं मी कुणाच्या ओळखीवर केलेलं नाही. तोंडाच्या आणि डोळ्याच्या जोरावर केलं.

मे महिना म्हणजे निपाणीत ऐन खरेदीचे दिवस. तरी मी दोन दिवस वखार सोडून जायचो. एकदाही चुकवलं नाही. पहिलं वर्ष बेळगाव, दुसरं येळ्ळूर, तिसरं नंदगड. रात्री अंगणात पडून ते मेसच्या आमटीच्या, प्रोफेसरांच्या नकलांच्या, पुण्याच्या टेकड्यांच्या गोष्टी सांगायचे. मधेच एकाच्या लक्षात यायचं की मी गप्प आहे. मग तीच गोष्ट माझ्यासाठी सोपी करून सांगायचे. मला ते आवडायचं नाही, पण जायचो.

चौथ्या वर्षी निपाणी. वकिलाचं पत्र आलं की यंदा येळ्ळूरलाच बरं पडेल, निपाणीला रेल्वे नाही. बरं म्हटलं. पुढच्या वेळी म्हणाले, तुझी एक खोली, चौघे मावणार कुठं? तेही खरं होतं. मग लढाई आली, पेट्रोल संपलं, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायला लागल्या आणि माझ्या घराचा विषयच निघेना. पण त्याच मोटारीतून मी जात होतो. चढावर उतरून ढकलत होतो. मला जमत होतं, त्यांना का जमू नये?

एका मेमध्ये नंदगडला फणस फोडून बसलो होतो. येळ्ळूरचा तेव्हा नुकताच कॉलेजात शिकवायला लागला होता. मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्याच्या हातावर टाकला. आमच्याकडं तंबाखूचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, भोवतीच्यांना काही कळत नाही. तिघांनाही ही रीत मीच शिकवलेली.

"एक बोट म्हंजे फुडचं वर्ष. दोन म्हंजे त्याच्या फुडचं," मी म्हणालो. "बोल, निपाणीला कवा येतोस?"

मी त्याचं एक बोट धरलं. त्यानं ते थोडा वेळ माझ्या मुठीत राहू दिलं, मग हळूच हात काढून घेतला.

नंदगडचा हसला. "शेट, माल पटला न्हाय वाटतं."

"माल चांगलाय रं," येळ्ळूरचा म्हणाला. "गिऱ्हाईक कमजोर हाय."

"कमजोर न्हवं, मिजासखोर," मी म्हणालो. "प्रोफेसर झालासा. तंबाखूवाल्याच्या घरचं पाणी आता घशाखाली उतरत न्हाय."

तो मान खाली घालून गरा सोलत राहिला. वकील म्हणाला, "असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू ते तू सांग. तू वकील."

मी पिशवी उचलली आणि निघालो. रागानं गावाच्या वेशीपर्यंत आलो तेव्हा कळलं की मोटार दुसऱ्या दिवशी सकाळीच. परत गेलो. माझं पान वाढून ठेवलेलं होतं. कुणी हसलं नाही, त्याचा जास्त राग आला.

लढाई संपली आणि मी घर बांधलं. निपाणीतली रीत तीच: खाली माल, वर माणसं. मीही वखारीवरच मजला चढवला. दांडेलीचं सागवान घासाघीस करून आणलं, सुताराला रडकुंडीला आणलं. रस्त्याकडची मोठी खोली मी या तिघांसाठी धरली होती. बायको म्हणाली, वर्षातल्या दोन दिवसांसाठी एवढी खोली? मी म्हणालो, तू बोलू नकोस. चार नव्या गाद्या भरून घेतल्या. आणि तिघांना एकसारखंच लिहिलं: या मेमध्ये निपाणीला आला नाहीत तर यापुढं मला बोलावू नका.

वकिलाचं उत्तर आलं की जरा विचार करू. नंदगडच्याचं आलंच नाही. येळ्ळूरच्यानं एका ओळीत लिहिलं, येतो. ती ओळ वाचून मला इतका आनंद झाला की त्या दिवशी एका गिऱ्हाइकानं दोनदा भाव पाडून मागितला आणि दोन्ही वेळा मी मागितलं तेवढं सोडून दिलं. मुनीम माझ्याकडं बघतच राहिला.

पाहुणे येणार म्हणून घर सारवतात, झाडतात, तसं मीही केलं. माझं घर म्हणजे वखार. वखारीत कामाला येणाऱ्या बायकांना लावून मी सगळी वखार हलवली. पोती एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला नेली, वर्षानुवर्षं न झाडलेले कोपरे झाडून घेतले, तुळयांवरून केरसुण्या फिरवल्या. शेवटच्या दिवशी जिन्यात ऊन पडलं होतं आणि त्यात ती बारीक पिवळी धूळ तरंगत होती. मला ती दिसली. पण आम्हाला तिचं काय? निपाणीत नवी सून आली की महिनाभर शिंकते, मग तिला त्या हवेची आठवणही राहत नाही. माझ्या नाकाला तर तो वास कधीचाच येत नव्हता.

येळ्ळूरचा येतो म्हटल्यावर बाकीचे दोघंही निघाले आणि तिघं सकाळच्या मोटारीनं आले. येळ्ळूरच्यानं स्वतःच्या शेतातला तांदूळ आणला होता, पोतं खांद्यावर घ्यायला लागला तर नंदगडच्यानं हिसकावून घेतलं. मला ते जरा विचित्र वाटलं. हा मूळचा नांगर धरणारा गडी. वखारीच्या दारातच वकिलाला शिंका सुरू झाल्या.

"हा निपाणीचा मान हाय," मी म्हणालो. "शिंकल्याबिगर आत घेत न्हाय आमी."

सगळे हसले. येळ्ळूरच्यानं नाकावर रुमाल धरला होता, तोही डोळ्यांनी हसला. जिना चढताना मी पुढं होऊन सागवानाची हकिकत सांगत होतो. मागं बघितलं तर तो मधल्या पायरीवर कठड्याला धरून थांबलेला.

"काय रं, दमलास? कसं झालंय ते तर सांग."

त्यानं हात वर केला, थांब म्हणून. मग एकेक शब्द सुटा काढत म्हणाला, "लई... चांगलं... झालंय."

वर येऊन तो खिडकीशी बसला. सगळीकडं बघितलं, छताकडं, कपाटाकडं, गादीवरून हात फिरवला. मला एवढंच हवं होतं. इतक्या वर्षांत मला दुसरं काही नको होतं त्याच्याकडून.

जेवायला पुरणाच्या पोळ्या आणि कटाची आमटी होती. त्यानं दोन घास खाल्ले आणि पान बाजूला सरकवलं. मग सुरू झालं. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, प्रत्येक श्वासाला खांदे कानापर्यंत वर जायला लागले. ओठ काळसर पडले. नंदगडचा त्याच्या पाठीला हात लावून बसला होता, आणि त्याच्या नि वकिलाच्या, दोघांच्याही तोंडावर भीती होती, पण नवल नव्हतं. ते मी तेव्हाच बघितलं. भाव करणाऱ्याला माणसाचं तोंड वाचावं लागतं.

मी डॉक्टरांना आणलं. त्यांनी नाडीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"दम्याच्या माणसाला ह्या गावात कुणी आणलं?"

"मी बोलावलं. काय करायचं ते करा, डॉक्टर. काय लागंल ते द्यायला मी तयार हाय."

"मला काय देता? ह्यांना हवा द्या. सुई देतो, पण आधी गावाबाहेर काढा."

हवा. मी खिडक्या उघडल्या, तर शेजारच्या वखारीतली धूळ आत आली. खिडक्या लावल्या, तर माझ्याच वखारीतली खालून वर येत होती. जमिनीवर पाणी ओतलं. खाली जाऊन बायकांना काम थांबवायला लावलं. मग शेजाऱ्याच्या वखारीत धावलो, तिथं तंबाखूच्या चाळण्या चालल्या होत्या. त्याच्यावर ओरडलो, थांबव म्हणून. तो सभ्य माणूस, त्यानं थांबवल्या. मग म्हणाला, "अण्णा, पलीकडं पण चालू हायत. त्याच्या पलीकडं पण. कुठवर थांबवशीला?"

मी रस्त्यात उभा राहून गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं. दोन्ही बाजूंना वखारी. ह्याच गल्लीत पाय रोवायला माझी उमर गेली होती. इथं मी कुणाचं ऐकलं नव्हतं, आणि आता कुणाशी बोलायचं तेच कळत नव्हतं.

एका व्यापाऱ्याची गाडी मागून घेतली आणि येळ्ळूरच्याला गावाबाहेर तवंदीच्या घाटावर नेलं. वर मोकळा वारा होता. झाडाखालच्या दगडावर त्याला बसवलं आणि हळूहळू त्याचे खांदे खाली आले, तोंडावर रंग आला. मी त्याच्या शेजारी टेकलो, उपरण्यानं वारा घालायला लागलो. पुन्हा ती शिट्टी सुरू झाली.

वकिलानं माझा दंड धरला आणि मला रस्त्याच्या पलीकडं नेलं. "तू इथं बस."

"का?"

"तुझ्या कपड्यांना ती धूळ आहे. अंगाला आहे. केसांना आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं, कोर्टात सांगतात तसं, खालच्या आवाजात. पुण्याला दुसऱ्या वर्षी येळ्ळूरच्याला पहिल्यांदा धाप लागली. खोलीतल्या एकाची तपकिरीची डबी सांडली तेव्हा. तेव्हापासून हे ठाऊक होतं. दर मेमध्ये मी येऊन गेलो की तो दोन-तीन दिवस अंथरुणात असायचा. रात्री अंगणात मी त्याच्या शेजारी गादी टाकायचो, तो वाऱ्याच्या बाजूला सरकायचा, मी परत जवळ सरकायचो. तो खोकायचा तेव्हा वकील म्हणायचा, शेतातली धूळ. नंदगडचा म्हणायचा, फणस बाधला.

"आणि तुमी सगळे मला सांगत न्हवता."

"त्यानं शपथ घातली होती."

मी रस्त्यापलीकडून त्यालाच विचारलं. मोठ्यानं विचारावं लागलं, कारण मधे रस्ता होता आणि एक बैलगाडी चालली होती.

"सांगायचं न्हाय व्हय रं, लेका? एवढी वर्षं मी तुला काय काय बोललो."

"सांगून तू काय करणार हुतास?"

"धंदा सोडला असता. दुसरा केला असता. गुळाचा केला असता."

"म्हणूनच न्हाय सांगितलं," तो म्हणाला, आणि नंदगडच्याकडं बघून पाणी मागितलं.

हे उत्तर मी अजून मान्य केलेलं नाही. माझ्यावर उपकार करायचा तर मला विचारून करायला हवा होता. वर्षानुवर्षं तिघांनी मिळून मला सांभाळून घेतलं, जशी ती मेसची गोष्ट सोपी करून सांगायचे, आणि मी मात्र मिजासखोर म्हणून शिव्या देत बसलो. ह्यात माझा मान काय राहिला? हे मी वकिलाला लिहून विचारलं आहे. तो म्हणतो, मानाचा प्रश्न नाही. त्याच्यासाठी नसेल.

गाडी त्या तिघांना घेऊन बेळगावकडं गेली. त्याच गाडीत मला बसता येत नव्हतं. मी घाट उतरून चालत घरी आलो. बायकोनं त्यांच्या पिशव्या दारात बांधून ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं पाठवायला. तांदळाचं पोतं ती आत घेत होती. मी म्हणालो, राहू दे, आणि परत म्हणालो, घे.

त्याच पावसाळ्यात, स्वातंत्र्याच्या गडबडीत, वकिलाच्या घरी बेळगावला जमायचं ठरलं. मी आदल्या दिवशीच गेलो. पेठेत नवं धोतर, नवा सदरा, नवी टोपी घेतली, ती निपाणीला न नेता वकिलाच्या घरीच ठेवली. त्याच्या विहिरीवर शिकेकाई लावून तीनदा डोक्यावरून न्हालो. वकिलाची आई म्हणाली, "अरे, लग्नाला निघालास का?" माझी पिशवी, चपला, छत्री सगळं मागच्या पडवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी येळ्ळूरचा आला, तो सरळ माझ्याजवळ येऊन सतरंजीवर बसला. मांडीला मांडी लावून. निपाणीच्या घराविषयी विचारलं, मुलांविषयी विचारलं. मी बेतानं उत्तरं देत होतो आणि त्याच्या छातीकडं बघत होतो. थोड्या वेळानं त्यानं बोलणं आखडतं घेतलं. वाक्यं लहान झाली. नंदगडच्यानं उठून पाठीमागची खिडकी उघडली, पाऊस आत येत होता तरी.

"बस की रं," येळ्ळूरचा मला म्हणाला, मी उठायला लागलो तेव्हा. "काय होत न्हाय."

मी दारापाशी जाऊन बसलो. तिथूनही त्यांचं बोलणं नीट ऐकू येत होतं.