उताराची वाट

कुणाचं उत्तर चुकलं की इनास सर खडू ठेवायचे, त्या मुलाच्या बाकावर शेजारी जाऊन बसायचे आणि म्हणायचे, “तुला असं का वाटलं, सांग. माझंही चुकत असेल.” ही सवय त्यांना माझ्यामुळे लागली. हे सांगताना अजूनही माझी मान खाली जाते.

नंदाखाल गावच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवत. स्वतःची केळीची वाडी असलेले, त्यामुळे उदाहरणंही वाडीतलीच. “विद्युतप्रभार म्हणजे कळशीतलं पाणी. विभवांतर म्हणजे विहिरीपासून टाकीची उंची. पाणी जास्त, उंची जास्त, तर कार्यही जास्त.”

एकदा त्यांनी विचारलं, “टाकीकडे पायऱ्यांनी जाता येतं, मागच्या उतारानेही. कार्य कशाने कमी?”

“उताराने!” वर्ग ओरडला.

मी हात वर केला. “सारखंच, सर. उंची तीच आहे ना?”

सर हसले. “असं? मग तुझा बाप केळीचे घड घेऊन उतारानेच का जातो गं?”

माझे बाबा दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करतात, हे सगळ्यांना माहीत होतं. वर्ग खदखदला. माझा हात तसाच वर राहिला.

दुसऱ्या दिवशी सर हजेरीही न घेता म्हणाले, “उताराने जोर कमी लागतो, पण अंतर वाढतं. कार्य तेवढंच. प्रभार कुठल्याही वाटेने न्या, दोन टोकांतलं विभवांतर तेच, तर कार्य तेच. ती बरोबर होती. आणि तिच्या वडिलांना मध्ये आणलं, त्याची मला लाज वाटते.” पुन्हा सगळे माझ्याकडे बघू लागले. मी परत कधी हात वर केला नाही.

कॉलेजचा प्रवेश मात्र सरांनीच माझ्यासोबत येऊन करून दिला. आमच्या घरात ती वाट कुणाला ठाऊक नव्हती. पदवी मिळाल्यावर बाबांना घेऊन मी सरांना पेढे द्यायला गेले. सर आजारी होते, ओट्यावर खुर्चीत बसलेले. बाबा सवयीने खालच्या पायरीवर बसले.

“दादा, त्या दिवशी वर्गात मी तुमचं नाव काढलं...” सरांनी सुरुवात केली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरी काहीच सांगितलं नव्हतं. लाज मला सरांच्या बोलण्याची वाटलीच नव्हती. वाटली होती ती बाबांच्या खांद्यावरच्या घडांची. ते बाबांना तिथे, पायरीवर, कळलं.

सगळं ऐकून बाबा म्हणाले, “उतारच बरा, सर. दम लागत नाही. पण पोरगी बरोबर होती ना?”

“बरोबर होती.”

“मग झालं.”

सर भिंतीला धरून उठले आणि पायरीवर बाबांच्या शेजारी जाऊन बसले.

सर गेले तेव्हा चर्चमध्ये बाबा माझ्याआधी पोचले होते. पहिल्या बाकावर बसले होते, शेजारी माझ्यासाठी जागा ठेवून.