अण्णांच्या पावलांचं माप

रिकाम्या खोलीत दिवा चालू दिसला की ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, असे गृहस्थ साऱ्या बेंगळुरात एकच, आणि ते माझे थोरले दीर. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पुतणीच्या लग्नात नवरा-नवरी फोटोसाठी बाहेर गेली, तेवढ्यात अण्णांनी स्टेजचे दिवे बंद केले. परत आल्यावर त्यांना आपल्या खुर्च्या चाचपत शोधाव्या लागल्या. आमच्याकडे कुणी आलं आणि मी पाणी आणायला आत गेले, की बाहेर येईपर्यंत पंखा थांबलेला आणि पाहुणे घाम पुसत बसलेले. "स्वल्प वारा खिडकीतूनही येतो," असं अण्णा त्यांना समजावत असतात. मोजायच्या टेपवर त्यांचा मुळीच विश्वास नाही. सगळं पावलांनी मोजतात, आणि माप बदलू नये म्हणून वर्षानुवर्षं एकाच नंबरची, एकाच तऱ्हेची चप्पल घालतात. आमचं कपाट त्यांनी असंच मोजून आणलं. ते दारातून आत जाईना, तेव्हा म्हणाले, "दार आखडलंय."

कोरमंगलातल्या एका पाच मजली ऑफिसात अण्णा तीस वर्षं विजेचं काम बघत होते आणि मी कँटीनमध्ये चहा करत होते. पुढे ऑफिस बंद पडलं. मग मालकांनी इमारत न पाडता तिच्यात कमी विजेत भागणारी राहती घरं करायला घेतली. जुन्या वायरी कुठून गेल्यात ते दाखवायला अण्णांना बोलावलं, आणि मजुरांच्या चहाला मला. काम नीट पार पडलं तर इमारतीची देखभाल अण्णांकडेच देऊ, असं मालक म्हणाले होते. अण्णांनी त्यासाठी नवी चप्पलसुद्धा घेतली, अर्थात त्याच नंबरची.

इंजिनिअर मॅडम पुण्याची, तरुण पोरगी. इमारत ऑफिससाठी बांधलेली, म्हणून ऐसपैस रुंद. मधल्या खोल्यांना खिडकीच नाही. तिथं भर दुपारीही दिवे लागणार. मॅडम म्हणाली, "मधला पार्ट स्टोअरेजला देऊ, दुसरा ऑप्शन नाहीये."

अण्णा म्हणाले, "इथं आभाळ होतं."

पूर्वी मधोमध वरपर्यंत उघडा चौक होता. ऑफिसवाल्यांनी नंतर मजल्यामजल्यावर पातळ स्लॅब टाकून तिथं फायलींच्या खोल्या केल्या, असं त्यांचं म्हणणं.

"काका, ड्रॉइंगमध्ये तर असं काही नाही."

"ड्रॉइंगवाला दोनदा येऊन गेला असेल. मी तीस वर्षं होतो."

कँटीनच्या काउंटरला पाठ लावून अण्णांनी अठरा पावलं मोजली आणि खडूनं फुली मारली. मिस्त्रीनं ड्रिल लावलं. निघाला जाडजूड बीम.

"अण्णा, तुमचं आभाळ फार कडक आहे," मिस्त्री म्हणाला. सगळे हसले. मॅडम हसली नाही, पण "सरी काका, ठीक आहे, राहू दे," म्हणून तिनं कागद गुंडाळले.

अण्णा जिन्यात बसून चपलांकडे बघत राहिले. शेजारच्या रिकाम्या खोलीत दिवा जळत होता, आणि तो बंद करायला ते उठले नाहीत. तेव्हा मला भीती वाटली.

मॅडमशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. चहाचा ट्रे हातात तसाच धरून म्हटलं, "काउंटर चार पावलं सरकवलाय. आधी होता तिथल्या जुन्या सिंकची भोकं अजून फरशीत दिसतात." अण्णांनी माप घेतलं होतं ते कँटीनची पहिली वायरिंग करताना. पुढे तिथं विजेची किटली आली, आणि त्या दिवसापासून ऑफिस बंद पडेपर्यंत रागानं ते कँटीनची पायरी चढले नाहीत. काउंटर हलला हे त्यांना कळणार कुठून?

अण्णा उठले. भोकांपासून पुन्हा अठरा पावलं मोजली. या वेळी ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं पार गेलं. जिन्यातून तिथं येताना वाटेत त्यांनी तो दिवाही बंद केला होता.

आता चौक वरपर्यंत उघडा आहे. मधल्या घरांनाही खिडक्या आहेत. मी तिथल्या दोन घरी स्वयंपाक करते. देखभाल मात्र अण्णांना मिळाली नाही. खोलीतून माणूस बाहेर पडलं की तिथले दिवे आपोआप बंद होतात. त्यांच्यासाठी काम असं उरलंच नाही. ते होसकोट्याला मुलाकडे राहायला गेले.

रोज दुपारी त्यांचा फोन येतो. "धाकटे, ऊन कुठवर उतरलं?"

मी खिडकीतून बघून सांगते, "दुसऱ्या मजल्यापर्यंत, अण्णा." ढग असले तरी तेवढंच सांगते.