चौथ्या चाकाच्या पत्रिका

चिखलीच्या स्टँडवर जीप लावून शिटा भरत होतो तेव्हा शेजारच्या गंगाधरचा फोन आला. "भाऊ, वहिनी पडल्या. तुमी या," एवढंच बोलला. मेली म्हणाला नाही. देऊळघाटला घरी पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं, सगळ्यांच्या नाकाला पदर नाहीतर रुमाल. मला वाटलं रडतात. थिनरच्या वासानं नाकं धरली होती त्यांनी… माझ्या बायकोला, सुमनला, आत नेऊन निजवली होती. बाहेर विटांवर जीपचं चौथं चाक आडवं पडलेलं, नुसतं लाल प्रायमर मारलेलं, आणि बादलीत तिचा घासायचा कागद तरंगत होता. बाकीच्या तीन चाकांना तिनं चांदी रंग दिला होता. हे चौथं काढून ठेवून मी सकाळी स्टेपनी लावून निघालो होतो. एका बाईनं पायानं ती बादली सरकवली, शेण सरकवावं तशी. ते मी विसरणार नाही.

चाकं रंगवायचा नाद तिला माझ्या जीपमुळं लागला. पहिल्यांदा मी बुलडाण्याच्या एका पेंटरकडून रंगवून आणली, तर त्यानं निम्मा रंग टायरच्या रबरावर फासलेला. सुमननं फेरी मारून चारी चाकं बघितली आणि म्हणाली, "कपायाचं कुंकू नाकावर आल्यावानी दिसून राह्यलं." पुढच्या खेपेला तिनंच चाक पुढ्यात ओढलं. तारेच्या ब्रशानं गंज काढायचा, पाण्यात कागद बुडवून घासायचं, प्रायमर, मग रंग. रबराला रंग लागू नये म्हणून टायरची हवा थोडी सोडायची आणि फट पडली की तिथं जुन्या लग्नपत्रिका गोल खोचायच्या. घरात पत्रिकांना काय तोटा? पण खोचण्याआधी प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती ती कातरीनं कापून घ्यायची. देवाच्या अंगावर चाकाचा रंग उडू द्यायचा नाही. ते गणपती देव्हाऱ्यापाशी पत्र्याच्या डब्यात जमवायची. माझा धाकटा भाऊ चिडवायचा, वहिनी, आता लायसन बी काढून घ्या. ती मान वर न करता म्हणायची, "काढतो. तुमी जीपीत मांगं बसा, शिटांच्या बकरीपाशी."

तेरवीला मात्र मला वीट आला. माणसं बुंदी वाढून घेत होती आणि एक भाषणवाले उभे राहिले. सात्त्विक माउली म्हणे, देवघर आणि स्वयंपाकघर हेच तिचं विश्व म्हणे. या माणसानं तिला जन्मात पाहिलेली नाही. मी बोलायला उठलो, तर आमच्या दिनेशनं माझी बाही धरली. एकुलता एक लेक, बुलडाण्यात कारकून आहे. हळूच म्हणाला, "बाबा, चाकाचं नका सांगू. माह्या हापिसातले लोक आले हायेत."

मी खाली बसलो. तोंडातली बुंदी पत्रावळीच्या कडेला थुंकली. ज्या जीपवर तुझी फी भरली तिची चाकं घासणारे हात तुला लाजेचे वाटले काय रे, हे तिथं बोललो नाही. म्हणून इथं लिहितो आहे. ती चाकं रंगवायची. गावातल्या कोणापेक्षाही साफ रंगवायची. ज्याला लाज वाटते त्यानं हे पान उलटावं.

पुढच्या रविवारी दिनेश चार प्लास्टिकची चकचकीत झाकणं घेऊन आला. चाकांवर बसवली की चौथं रंगवायची कटकट नाही, असं त्याचं म्हणणं. हात लावला तर ताटलीसारखी वाकतात. कोंबड्यांना पाणी ठेवावं म्हटलं तर त्यांना भोकं. मी विचारलं, "काऊन बे, मायचं काम झाकाले आणले काय?" त्यानं झाकणं परत पिशवीत भरली. बरंच झालं.

त्याच दिवशी मी ते चाक पुढ्यात घेतलं. घरात एकही लग्नपत्रिका नव्हती, होत्या त्या तिनं पहिल्या तीन चाकांना संपवलेल्या. होता तो तेरवीच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. असली पत्रिका घरात ठेवत नाहीत, वाचली की फाडतात, आणि दिनेश तो गठ्ठा जाळायला निघाला होता. मी हिसकून घेतला. प्रत्येकीवर कोपऱ्यात सुमनचा फोटो, डोक्यावर पदर, तोंड आवळलेलं… फोटो काढून घ्यायचा म्हटला की ती तोंड असंच करायची. तिचीच कातर घेतली आणि एकेक फोटो कापून बाजूला ठेवला. मग पत्रिका गोल खोचल्या. चांदी रंगाचा एक ओघळ आला, तो तसाच वाळला. पण रबरावर थेंब नाही.

फोटो मी गणपतीच्या डब्यात टाकले. दिनेश म्हणतो, मेलेल्या माणसाचा फोटो देवांत ठेवत नाहीत.

ठेवला आहे.