नवख्यांसाठी राखलेल्या चुका

तिला सगळे मास्तर म्हणत. मास्तरीण नव्हे, मास्तर. कपडे बेतणाऱ्या कारागिराला त्या बाजारात तोच मान होता, आणि तो तिने शेजारच्या दोन पुरुष कारागिरांच्या नाकावर टिच्चून मिळवला होता. दुकान म्हणजे एक खोली. खिडकीशी बेतायचं लांब टेबल, दोन मशीनं, इस्त्रीचा ओटा आणि कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा. टेबल मास्तरचं, मशीन तिच्या धाकट्या जावेचं. जाऊ अकरा वर्षं काजं, बटणं आणि तुरपाई करत होती. कात्री तिच्या हाती लागलीच कधी, तर मास्तर दोन मिनिटं कशीबशी दम धरायची आणि मग "आण इकडे" म्हणून ती काढून घ्यायची. बाई मनाने लोण्यासारखी, पण दुसऱ्याला सावकाश काम करताना पाहिलं की तिची दाढ दुखायला लागे.

मास्तरच्या पंचावन्नाव्या वर्षी तिच्या भाच्याने टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला आणि त्यात फरमे काढायचा प्रोग्राम घालून दिला. मापं भरली की कापड कापण्यासाठी लागणारे कागद आपोआप आखून मिळायचे.

"केवढ्याला पडला?" मास्तरने विचारलं.

"फुकट आहे, मावशी."

"मग त्यात खोट असणार."

"असेल तर तू काढ. हा प्रोग्राम करणारे लोक नुसता शर्ट देत नाहीत, फरमासुद्धा देतात. प्रोग्राम आतून कसा लिहिलाय ते कुणीही उघडून बघायचं, दुरुस्त करायचं आणि सगळ्यांना वापरायला द्यायचं."

खोट होतीच. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई, चुकलेला होता. मास्तरने त्या मंडळींच्या इंटरनेटवरच्या पानावर जाऊन लिहिलं, 'ज्याने हा मुंढा काढला त्याने जन्मात कधी बाही लावलेली नाही.' तिला वाटलं, आता भांडण होणार. ती पदर खोचून बसली होती. पण घुबडाचं चित्र लावणाऱ्या कुणा माणसाने उत्तर दिलं, 'खरंय. मी नाही लावली. कशी लावतात ते सांगाल? आणि प्रोग्राममध्ये ते कसं लिहायचं हे आम्ही तुम्हाला सांगतो.'

पुढचे दोन महिने मास्तर शिकत होती. दूरदूरचे अनोळखी लोक तिला शिकवत होते आणि ती त्यांना. कुणी शिक्षिका, कुणी नाटकाचे कपडे करणारा, कुणी नुसताच हौशी. तिने केलेली दुरुस्ती अकरा वेळा परत आली. घुबड चूक दाखवायचा नाही, प्रश्न विचारायचा. 'इथे छातीचं माप शून्य भरलं तर काय होईल?' मास्तर चिडायची, "शून्य छातीचं गिऱ्हाईक कुठून आणणार हा मेला?" आणि मग मुकाट्याने ती ओळ बदलायची. बाराव्या वेळी दुरुस्ती मंजूर झाली. त्या दिवशी दुकान दुपारी बंद झालं आणि जावेला फुकटची सुट्टी मिळाली.

याला तीन वर्षं झाली. आता मास्तर त्या मंडळीतली जुनीजाणती. एका सुट्टीच्या दुपारी तिला कामांच्या यादीत सात बारीकसारीक चुका दिसल्या. प्रत्येकीवर एक पिवळी चिठ्ठी: नवख्यांसाठी. काही वर्षभर तशाच पडलेल्या. खिशाच्या तुकड्यावर, कापड कोणत्या दिशेने धरायचं ते दाखवणारा उभ्या धाग्याचा बाण छापला जात नव्हता, हे तर दहा मिनिटांचं काम!

"आळशी मेले," ती म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत सातही चुका निकालात काढल्या. कणा मोडेपर्यंत बसली होती, पण चेहरा असा की जणू सात मुलींची लग्नं लावून आली.

दुसऱ्या दिवशी कौतुक वाचायला म्हणून तिने पान उघडलं. घुबडाने लिहिलं होतं, 'मास्तर, काम चोख आहे. पण तुम्ही जिन्याच्या खालच्या सातही पायऱ्या काढून नेल्यात. आता नवा माणूस वर कसा येणार?'

त्याच्या खाली आणखी दोन ओळी होत्या. खिशाच्या बाणावर एक नवा माणूस तीन आठवडे झटत होता. धंद्याने बसचा ड्रायव्हर. त्याने लिहिलं होतं, 'झालं ना काम. उत्तम झालं. आता माझी काही गरज नाही. सगळ्यांचे आभार.'

मास्तरला आधी राग आला. "घुबडाचं तोंड लावून बसणाऱ्याकडून शुभ कसलं ऐकायला मिळणार!" मग तिने तणतणत घुबडाला लिहिलं, 'दहा मिनिटांच्या कामाला तीन आठवडे? मी नसते आले तर ते वर्षानुवर्षं पडून राहिलं असतं.'

उत्तर लगेच आलं. 'तुमचा मुंढा मलासुद्धा एका तासात दुरुस्त करता आला असता. तुम्ही सांगितल्यावर चूक कुठे आहे ते मला दिसलं होतं. दोन महिने मी हात बांधून बसलो होतो.'

मास्तरने कॉम्प्युटर बंद केला. कापडाचा गठ्ठा उलगडला, परत गुंडाळला. बाराव्या वेळची ती मंजुरी आपण आपल्या अकलेवर मिळवली, असं तिने सगळ्या बाजाराला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण ती अक्कल चालावी म्हणून दुसरं कुणीतरी गप्प बसलं होतं, हे तिला आज कळत होतं. आणि आपण काय केलं? एका माणसाला उंबऱ्यातूनच परत पाठवलं.

"त्याला परत आणायला हवा," ती म्हणाली.

तिने ड्रायव्हरला पत्र लिहिलं आणि जावेला वाचून दाखवलं. 'तुम्ही असं मधेच निघून जाणं बरोबर नाही. बाण कसा बसवायचा ते मी खाली क्रमाने लिहून देते, म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही.'

जाऊ सुईत दोरा ओवत म्हणाली, "ताई, ही माफी आहे की दमदाटी?"

"माफीच आहे."

"मग त्यात माफी कुठेय? आणि उत्तर कशाला देताय त्याला? ते शोधायची संधी तर तुम्ही आधीच खाऊन बसलात."

"फार बोलायला लागलीस."

"चौदा वर्षं काजं करतेय. तोंड मोकळंच असतं."

मास्तरने ते पत्र पुसलं आणि लिहिलं, 'चूक माझी. न वाचता हात घातला.' एवढंच. उत्तर आलं नाही.

आठवडा गेला. मग तिने, जे आधीच करायला हवं होतं ते केलं. त्या माणसाने तीन आठवड्यांत विचारलेले सगळे प्रश्न वाचले. साधे, लाजत विचारलेले. त्यातल्या एका प्रश्नाच्या शेवटी लिहिलं होतं, की बायकोच्या ऑपरेशननंतर तिचा डावा खांदा खाली आलाय, तयार कोट तिला नीट बसत नाही आणि ती बाहेर जायचं टाळते. म्हणून ड्यूटी नसेल तेव्हा तो शिवण शिकतोय.

प्रोग्राम एकाच खांद्याचं माप घ्यायचा आणि दुसरा तसाच धरायचा. तीस वर्षं माणसांची अंगं मोजलेल्या बाईला हे पटण्यासारखं नव्हतं. दोन्ही खांद्यांची वेगळी मापं घेण्याची सोय करायची, हे तिने वर्षभर मनात धरलं होतं. त्यासाठी वहीत आकृत्या काढल्या होत्या. ते तिच्या नावावर लागणार होतं.

तिने वहीतल्या आकृत्यांचे फोटो काढून मंडळींच्या पानावर टाकले आणि लिहिलं, 'ड्रायव्हरसाहेब, आखणी माझ्याकडे आहे, पण खांदे तुमच्या घरी आहेत. पाठीच्या तुकड्याचं काम तुम्ही घेता का? तुम्ही घेतलात तर मी त्याला बोटही लावणार नाही.'

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'मला फारसं येत नाही. चालेल?'

'चालेल,' असं तिने लिहिलं आणि मग सहा आठवडे तिची जी तगमग झाली, ती तिची तिला ठाऊक. तो एक ओळ लिहायला चार दिवस घ्यायचा. कधी शिक्षिका त्याला वाट दाखवायची, कधी नाटकवाला. मास्तर रोज सकाळी पान उघडायची, उत्तर टाइप करायची आणि पुसायची. हाताला काही काम हवं म्हणून ती मशीनवर बसून काजं करायला लागली.

"मग टेबल मोकळंच आहे तर मी बसते," जाऊ म्हणाली आणि कात्री घेऊन बसली. पहिल्या दिवशी तिने अर्धा मीटर कापड वाया घालवलं. मास्तरने मान खाली घालून तीन काजं वाकडी केली, पण उठली नाही.

सातव्या आठवड्यात ड्रायव्हरने काम पाठवलं. मास्तरने फरमा छापला, जुन्या चादरीवर बेतला आणि पुतळ्याच्या एका खांद्यावर चिंध्या बांधून नमुना चढवला. उतार नेमका उलट्या बाजूला आला होता. कुठे चुकलंय ते तिला दिसत होतं. एक उणे चिन्ह. तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि लिहिलं, 'कोट जमिनीवर उताणा पसरून ठेवा. मग तो अंगात घाला. डावीकडे दिसणारी बाजू कुठे गेली?'

दोन तासांनी उत्तर आलं. 'अरे देवा! समजलं. थांबा, मीच करतो.'

त्याने केलं. घुबडाने मंजूर केलं. त्या सुधारणेवर ड्रायव्हरचं नाव लागलं आणि जगभर ज्यांचे खांदे सारखे नाहीत त्यांना, म्हणजे खरं तर सगळ्याच माणसांना, त्याचा उपयोग होणार होता. मास्तरचं नाव आकृत्यांखाली बारीक अक्षरात होतं. ते तिने दोनदा वाचलं.

पंधरा दिवसांनी ड्रायव्हरने एक फोटो टाकला. बसस्टॉपवर पाठमोरी उभी असलेली एक बाई, अंगात राखाडी कोट. खांदे अगदी सरळ दिसत होते. खाली लिहिलं होतं, 'आज स्वतःहून बाहेर पडली. माझ्याच बसने गेली.'

मास्तरने चष्मा पुसून फोटो मोठा केला. "खांदा झकास बसलाय. पण खालची कड बघ, उजवीकडे अर्धा इंच उतरलीये."

"ताई, लिहू नका," जाऊ म्हणाली.

"नाही लिहीत."

"शपथ?"

"अगं, नाही म्हटलं ना!"

आणि खरंच तिने लिहिलं नाही. पुरते दोन दिवस.